ट्रम्पेटला बटणं नव्हती तेव्हाचा कोरस

अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचं 'मसाया' हे गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीचं धार्मिक संगीत चांगलं दोन-अडीच तासांचं आहे आणि त्यात ट्रम्पेटवाले बहुतेक वेळ नुसते बसलेले असतात. पहिला भाग बराच सरल्यावर 'ग्लोरी टू गॉड' या कोरसमध्ये पहिल्यांदा वाजवतात, तेही हँडेलने लिहून ठेवलंय की लांबून आल्यासारखं, जरा हळू, आणि मग थेट 'हालेलुया'ला. वाजवतात तेव्हा प्रत्येक वेळी डी हा पाश्चात्य स्वरच सा. याला लोक नाट्यमयता म्हणतात, ती आहेच, पण निम्मं कारण फिजिक्सचं आहे, आणि जुन्या वाद्यांवर कॉन्सर्ट ऐकली की ते लगेच कळतं.

डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ ला याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ट्रम्पेटला व्हॉल्व्ह म्हणजे ती तीन बटणं नव्हतीच, ती १८१० च्या दशकात जर्मनीत आली. तोवरचा ट्रम्पेट म्हणजे साधारण सात फूट लांबीची वळवलेली पितळी नळी, बास. अशा नळीतली हवा तिला वाटेल तशी कंप पावत नाही, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतच कंप पावते. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो ना, तो यातलाच, पाचवी पट. कुठली पट वाजवायची हे वादक ओठ आवळून ठरवतो. पण खाली स्वर फार लांब लांब आहेत, सा, सा, प, सा, ग, प असे, त्यात धड चाल बसत नाही. आठव्या पटीपासून मात्र ते जवळ जवळ येतात, ८ सा, ९ रे, १० ग, १२ प, १५ नी, १६ वरचा सा. म्हणून बरोक म्हणजे हँडेलच्या काळातला ट्रम्पेट कायम इतका उंच वाजतो, चाल हवी तर वर चढण्यावाचून इलाजच नाही.

आणि वाजवताना नळीची लांबी बदलता येत नाही म्हणून सा पण बदलत नाही. डीचा ट्रम्पेट असेल तर अख्खा कोरस डीमध्ये लिहायचा, म्हणजे वाद्य गायकांच्या मागे जात नाही तर चाळीसेक तोंडं एका पितळी नळीच्या मागे जातात!

खरी गोची ११ व्या पटीची. ती शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यमाच्या बरोब्बर मध्ये पडते, इकडची ना तिकडची. १३ वी कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये लोंबकळते. वादक ओठांनी हे स्वर ओढून जागेवर आणतो, चालू कोरसमध्ये, सेकंदाच्या अंशात. मला विचाराल तर ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात अवघड काम हेच.

व्हायोलिनवर तेव्हा आतड्याच्या तारा असायच्या, सारंगीच्या मुख्य तारा असतात तशाच. आतड्यात वरच्या हार्मोनिक्सची, म्हणजे याच पटींची, ऊर्जा स्टीलपेक्षा लवकर विरते म्हणून आवाज मऊ आणि लहान. त्यामुळे डब्लिनला तीसेक गायक पुरले. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत गाणारे-वाजवणारे मिळून पाचशेच्या वर गेले ती हौस वेगळी. आतडं दमट हवेत पाणी शोषतं आणि स्वर हलतो, म्हणून अशा कॉन्सर्टमध्ये मधेच थांबून परत परत ट्यूनिंग चालतं, वैतागू नका.

आता पट्टी. वाद्यं ज्या ए स्वराला लावतात तो आजचा स्टँडर्ड ए म्हणजे ४४० हर्ट्झ, जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरोक ग्रुप बहुधा ४१५ ला लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली, आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंचा गळा जरा सुटतो. पण ४१५ म्हणजे काही ऐतिहासिक सत्य नव्हे, ती बरीचशी सोय आहे, आजच्या पट्टीपेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली म्हणून. तेव्हा गावागणिक पट्टी वेगळी होती, आणि हँडेलचा म्हणून जो ट्यूनिंग फोर्क सांगतात तो ४२२.५ च्या आसपास वाजतो.

आणि एक आतली गोष्ट. आज 'जुने' म्हणून वाजणारे बरेचसे ट्रम्पेट पूर्ण जुने नसतात, त्यांच्या नळीला छोटी भोकं पाडलेली असतात, ११ वी आणि १३ वी पट सरळ करायला, आणि ही युक्ती विसाव्या शतकातली आहे. मी याला चीटिंगच म्हणतो, पण रेकॉर्डिंगमध्ये चुकीचा मध्यम ऐकायची कोणाची तयारी नसते त्याला काय करणार. ओळखायची खूण सोपी आहे, वादकाची बोटं नळीवर हलतायत का बघा. एका हाताने ट्रम्पेट धरून दुसरा हात कमरेवर ठेवलेला दिसला तर बहुतेक बिनभोकाचा आहे.