केबिन बॅगेतल्या वस्तू सिक्युरिटीला का अडकतात?
(आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

प्रवासाहून परतलेल्या ग्राहकांच्या तक्रारींत सिक्युरिटीवरचा राग हमखास असतो. कोणाचं महागडं अत्तर गेलेलं असतं, कोणाची कात्री, कोणाची जवळजवळ संपलेली क्रीमची ट्यूब. यातल्या बऱ्याच वस्तू घरी बॅग भरतानाच वाचवता येतात.

सगळ्यात जास्त वाद होतो तो द्रवाच्या 100 मिलीच्या मर्यादेवरून. ही मर्यादा आतल्या द्रवाला नसून बाटलीला आहे. 200 मिलीच्या ट्यूबच्या तळाशी चमचाभर क्रीम उरली असली, तरी तपासणारा बाहेर छापलेला आकडा बघतो आणि ट्यूब बाजूला ठेवतो. टूथपेस्ट, जेल, लोशन, स्प्रे हे सगळं द्रवातच धरलं जातं. अशा छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत.

हा नियम आला 2006 साली. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला. तेव्हाच्या एक्स-रे यंत्रांना बाटलीत पाणी आहे की आणखी काही, हे खात्रीने ओळखता येत नव्हतं. आता काही विमानतळांवर बॅगेचं सर्व बाजूंनी चित्र काढणारे सीटी स्कॅनर आले आहेत आणि तिथे सवलत मिळते. एडिनबरा विमानतळाने तर 2025 मध्ये दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी दिली. उलट युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2024 पासून काही नव्या यंत्रांवरही 100 मिलीची मर्यादा पुन्हा लागू केली होती. त्यामुळे जाताना बिनबोभाट गेलेली बाटली येताना अडू शकते. ग्राहकांची चिडचिड इथे आम्हाला पूर्ण पटते. पण दोन्हीकडचे कर्मचारी आपापल्या जागी बरोबरच असतात. तेव्हा मार्गावरच्या सर्वांत कडक विमानतळाचा विचार करून बॅग भरा.

ड्यूटी फ्रीच्या बाटल्या वाटेत विमान बदलताना काढून घेतल्या जातात. दुकानदार त्या पावतीसकट सीलबंद पिशवीत देतो. शेवटच्या मुक्कामापर्यंत ते सील फोडू नका. अमेरिकेत शिरताना पहिल्याच विमानतळावर चेक-इनचं सामान साधारणपणे हातात घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. तीच संधी साधून बाटली मोठ्या बॅगेत टाका.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये निदान कोणाच्या तरी लक्षात येतं. सर्वसाधारण मर्यादा 100 वॅट-तासांची (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप). छापलेल्या एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागा: 20,000 एमएएच आणि 3.7 व्होल्ट म्हणजे 74, चालेल. 100 ते 160 च्या दरम्यान असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक घरीच ठेवा. आणि हो, विमान भरलंय म्हणून दारात केबिन बॅग खाली पाठवायला सांगितली, तर आधी पॉवर बँक बाहेर काढा. गडबडीत हे हमखास विसरतं.

कात्री, चाकू, सुटी ब्लेड, पाने-पकडी: सरळ मोठ्या बॅगेत. कात्रीच्या पात्याची चालणारी लांबी देशागणिक बदलते, मोजत बसण्यात अर्थ नाही.

औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना 100 मिलीतून सहसा सूट असते, पण ती मागावी लागते. ट्रेमध्ये वेगळं ठेवा, आपणहून सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या.

तरीही वस्तू अडलीच, तर शांतपणे विचारा: मागे जाऊन ती चेक-इन करता येईल का, सोडायला आलेल्या माणसाकडे देता येईल का? वेळ असेल तर बहुतेक ठिकाणी मागे जाऊ देतात. वरिष्ठांना बोलवायची विनंतीही करता येते, फक्त आवाज चढवू नका. काउंटरवर कोणी 'चालेल' म्हणालं असलं तरी शेवटचा शब्द तपासणाऱ्याचाच. एकदा टाकून दिलेली वस्तू आम्हालाही परत मिळवून देता येत नाही.

एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर छापील आकडा दिसेल असा तिचा फोटो प्रवासाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हाला पाठवा. तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक विमानतळाचा नियम बघून कळवू.