दोन प्रोसेसरचा संगणक: मेमरी कोणाच्या दारात?

जड गणिती कामासाठी दोन प्रोसेसरचा संगणक जुळवायला घेतला की पहिली नजर जाते ती कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागांच्या, आकड्यावर. माझा आग्रह उलटा आहे. आधी मेमरीचे चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या वाटा, मोजा, मग कोअर. हा आग्रह कुठून आला, ते या यंत्रांच्या इतिहासातच दिसतं.

१९९४च्या सुमारास पेंटियममध्ये दोन प्रोसेसर जोडायची सोय चिपवरच आली आणि इंटेलने त्यासाठी मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन जाहीर केलं. १९९५चे पेंटियम प्रो तर एकाच बसवर, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या सामाईक रस्त्यावर, चारपर्यंत बसू शकत होते. अडचण त्या 'एकाच बसवर' या शब्दांतच होती. ६६ मेगाहर्ट्झची ६४ बिटांची बस म्हणजे सेकंदाला जेमतेम ५२८ मेगाबाइट, आणि तेही सगळ्यांनी वाटून घ्यायचे. गणित कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावलं तर ठीक. मोठी मॅट्रिक्स आली की दुसरा प्रोसेसर नुसता रांगेत उभा.

तरी हौशी लोकांनी हा मार्ग सोडला नाही. १९९९मध्ये अबिटच्या बीपी६ बोर्डावर दोन स्वस्त सेलेरॉन शेजारी शेजारी बसले, जरी इंटेलने सेलेरॉनला अशा जोडीसाठी मान्यता दिलेली नव्हती. विंडोज ९८ दुसऱ्या प्रोसेसरकडे ढुंकूनही पाहत नसे, म्हणून विंडोज एनटी किंवा लिनक्स घालावं लागे.

खरं वळण आलं एप्रिल २००३मध्ये. एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच घेतला आणि दोन प्रोसेसर हायपरट्रान्सपोर्ट नावाच्या थेट दुव्याने जोडले. आता प्रत्येकाच्या दारात स्वतःची मेमरी. इंटेल २००९मध्ये झिऑन ५५००सह याच वाटेने आलं. रांग संपली, पण एक नवी गोष्ट सुरू झाली: जवळची मेमरी आणि लांबची मेमरी. यालाच न्यूमा म्हणतात.

लिनक्सवर numactl --hardware ही आज्ञा दिली की हे अंतर आकड्यांत दिसतं. स्वतःच्या मेमरीसमोर १०, पलीकडच्या सॉकेटसमोर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) २१ किंवा ३२ असं काहीतरी. यात हमखास होणारी चूक अशी: प्रोग्राम सुरू होताना एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) अख्खा ॲरे, म्हणजे आकड्यांची सगळी यादी, शून्याने भरतो. लिनक्स मेमरीचं पान, म्हणजे तिचा छोटा तुकडा, तिथेच देतं, जिथून त्याला पहिला स्पर्श होतो. म्हणजे सगळा डेटा पहिल्या सॉकेटकडे, आणि दुसऱ्या सॉकेटचे थ्रेड प्रत्येक आकड्यासाठी पूल ओलांडत बसतात. ज्या थ्रेडला जो भाग वापरायचा, त्यानेच तो भरावा. एवढ्याने मोठा फरक पडतो.

सुट्या भागांची निवडही इथूनच ठरते. एएमडीच्या आठ चॅनेलच्या एपिक प्रोसेसरला ६४ जीबीच्या मेमरीच्या चार पट्ट्या लावा किंवा ३२ जीबीच्या आठ. क्षमता दोन्हीकडे २५६ जीबी. पण डीडीआर४-३२०० वर आठ पट्ट्यांना सेकंदाला २०४.८ जीबीची वाट मिळते, चारांना निम्मीच. हा घाटा मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि 'पुढे वाढवता येईल' म्हणून अर्धे स्लॉट रिकामे ठेवलेलं यंत्र पाहिलं की मनापासून वाईट वाटतं.

२००५मध्ये इंटेल आणि एएमडीच्या दोन कोअरच्या चिप आल्या आणि नुसत्या कोअरसाठी दुसरा सॉकेट घ्यायची गरज ओसरू लागली. २०२२च्या एपिकमध्ये तर एकाच सॉकेटमध्ये ९६ कोअर मावतात. मग दुसरा कशाला? माझ्या मते मुख्यतः त्याच्यासोबत येणाऱ्या आणखी १२ मेमरी चॅनेलसाठी. द्रवप्रवाहाच्या गणितासारखी मेमरीला भुकेली कामं असतील तर तो घ्यावा. उलट, ज्या कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच होतो, त्याचा वेग कितीही कोअर लावले तरी २० पटींपलीकडे जात नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा हा हिशेब आहे.

बोर्ड घेताना त्याच्या पुस्तिकेतली जोडणीची आकृती जरूर पाहावी. कुठला पीसीआय स्लॉट कुठल्या सॉकेटला जोडलाय, ते तिथे असतं. दुसरा सॉकेट रिकामा असेल तर त्याचे स्लॉट सहसा मुकेच राहतात, आणि त्याच्या बाजूच्या मेमरीच्या खाचाही.