क्रिप्स, सर रिचर्ड स्टॅफर्ड
(२४ एप्रिल १८८९ – २१ एप्रिल १९५२). इंग्लंडमधील नामांकित बॅरिस्टर व मजूर पक्षाचे पुढारी. जन्म लंडन येथे. वडील चार्ल्स आल्फ्रेड (पुढे लॉर्ड पारमूर) हेही वकील व राजकारणी. समाजवादी विदुषी बिअट्रिस वेब या मावशी. विंचेस्टर येथील शिक्षणानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ मध्ये बॅरिस्टर झाले. पेटंटविषयक खटल्यांत त्यांचा जो दबदबा होता, त्यामागे हे रसायनशास्त्र होते. पहिल्या महायुद्धात काही काळ त्यांनी स्फोटकांच्या कारखान्यात काम केले. १९२७ मध्ये किंग्ज कौन्सेल (ज्येष्ठ वकिलांचा मानाचा दर्जा), १९३० मध्ये सॉलिसिटर जनरल व ‘सर’. ग्रेसफर्ड खाण-दुर्घटनेच्या (१९३४) चौकशीत खाणकामगारांची बाजू त्यांनी विनाशुल्क मांडली. साम्यवाद्यांसह संयुक्त आघाडीचा आग्रह न सोडल्याने १९३९ मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली.

मॉस्कोतील राजदूत (१९४०–४२) म्हणून १२ जुलै १९४१ च्या ब्रिटिश–सोव्हिएट करारावर त्यांनी सही केली. परतल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये ते युद्धमंत्रिमंडळात आले आणि मार्चमध्ये ब्रिटिश सरकारची भारताविषयीची योजना घेऊन दिल्लीस पोहोचले. युद्धानंतर घटना समिती व वसाहतीचे स्वराज्य, प्रांतांना संघराज्याबाहेर राहण्याची मुभा, युद्धकाळात मात्र संरक्षण ब्रिटिशांकडे, असे तिचे स्वरूप होते. प्रांतांच्या मुभेस सावरकरांच्या हिंदुमहासभेचा विरोध होता. अस्पृश्यांना पुरेसे संरक्षण नाही, ही डॉ. आंबेडकरांची हरकत होती. काँग्रेसशी बोलणी फिसकटली ती मुख्यतः संरक्षणखात्यावर आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाला मंत्रिमंडळाचा दर्जा मिळणार की नाही, यावर. क्रिप्स यांनी आपल्या अधिकारापलीकडे आश्वासने दिली, असे एक मत आहे. पंतप्रधान चर्चिल व व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली, असे दुसरे. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द त्यांनी सुरुवातीस सैलपणे वापरला व नंतर माघार घेतली, हे पाहता पहिले मत अगदीच टाकाऊ नाही. तथापि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी लुई जॉन्सन यांच्या मध्यस्थीतून तडजोड जवळ आली असता लंडनने हात आखडता घेतला, ही बाब अधिक वजनाची वाटते. योजनेस ‘बुडत्या बँकेवरचा पुढील तारखेचा धनादेश’ म्हणण्याचे श्रेय म. गांधींना सर्रास दिले जाते. त्यातील बुडती बँक ही बहुधा पत्रकारांची भर असावी. १२ एप्रिल रोजी क्रिप्स परत निघाले.

नोव्हेंबर १९४२ मध्ये युद्धमंत्रिमंडळ सोडून ते विमाननिर्मितिमंत्री झाले (१९४५ पर्यंत). १९४५ मध्ये पक्षात पुनःप्रवेश. १९४६ च्या त्रिमंत्री शिष्टमंडळात पेथिक-लॉरेन्स व अलेक्झांडर यांच्यासह ते पुन्हा भारतात आले. अर्थमंत्री (१९४७–५०) असताना सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे ४·०३ वरून २·८० डॉलर असे अवमूल्यन झाले. प्रकृती ढासळल्याने ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा दिला. झुरिक (स्वित्झर्लंड) येथे निधन.