फर्माचा अंदाज आणि ६४१

चार-पाच उदाहरणांत खरा ठरलेला नियम सर्वत्र खराच असणार, असे आपण सहज मानतो. ही समजूत किती ठिसूळ आहे, ते पाहायचे असेल तर ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या जरूर अभ्यासावी.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा आणि १६ वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढेही मूळ संख्याच येत राहतील, असे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये मांडले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने लगेच पुढच्या, म्हणजे सहाव्याच संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो हे दाखवले.

ऑयलरने पुढे हेही सिद्ध केले, की या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात विभाजक हाती येतो.

पण मला सर्वांत मोह पडतो तो भागाकार न करताच हे पटवून देणाऱ्या युक्तीचा. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. शिवाय ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. आता ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणा. पहिल्या मांडणीनुसार या गुणाकाराचे दोन तुकडे पडतात: एक ६४० चा चौथा घात आणि दुसरा २ चा ३२ वा घात. या गुणाकारातून ‘६४० चा चौथा घात उणे १’ वजा केल्यास उरते ती नेमकी आपली संख्या. शाळेतल्या अवयवांनुसार ‘क्ष चा चौथा घात उणे १’ याला ‘क्ष अधिक १’ ने भाग जातो. म्हणून जे वजा केले त्यालाही ६४१ ने भाग जातो. दोन्ही पदे ६४१ च्या पटीत, तेव्हा वजाबाकीही त्याच पटीत. दुसरा अवयव ६७,००,४१७ असून तोही मूळच आहे.

अंकज्योतिषी याच संख्येचे अंक मिळवून ५९, मग १४ आणि शेवटी ५ असा ‘मूलांक’ काढतील. त्या ५ चा अर्थ इतकाच, की संख्येला ९ ने भागल्यास बाकी ५ उरते. स्वभाव किंवा भाग्य त्यात कुठेही नाही.

६५५३७ नंतर फर्माच्या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. त्यातही घातांक १०,४८,५७६ असलेली संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही मूळ विभाजक अद्याप कोणाला सापडलेला नाही.