रिमोट ॲक्सेस आणि फाइल ट्रान्सफर क्लायंट (डेस्कटॉप)

आपल्या डेस्कटॉपवरून लांबच्या मशीनवर लॉगिन करायला आणि फायलींची ने-आण करायला जे सॉफ्टवेअर वापरतात ते क्लायंट. पुटी, विनएससीपी, फाइलझिला ही नेहमीची नावं. निवडताना लोक आधी विंडो कशी दिसते ते बघतात, खरं तर समोरचा सर्व्हर कुठला प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) बोलतो ते आधी विचारायला हवं.

एफटीपीचं (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल) वय सांगताना दोन साल दिसतात. एमआयटीतले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारा क्रमांकित दस्तऐवज) लिहिला तिथून मोजायचं, की ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ पासून? जन्म १९७१ चा धरणं बरं, पण आजचे क्लायंट बोलतात ते साधारण १९८५ चंच. एफटीपीत आणि टेलनेटमध्ये (लांबच्या मशीनवर लॉगिन करायचा जुना प्रोटोकॉल) पासवर्ड उघडाच जातो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरचे पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या टाटू इलोनन यांनी एसएसएच, म्हणजे सगळा संवाद सांकेतिक करून लॉगिन करू देणारा प्रोटोकॉल, लिहिलं. टेलनेटचं पोर्ट (सर्व्हरवरच्या ठरलेल्या दाराचा क्रमांक) २३, एफटीपीचं २१, मधलं २२ मोकळं होतं म्हणून तेच मागून घेतलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय.

सगळ्यात जास्त घोळ एसएफटीपीतल्या पहिल्या 'एस'चा. कुणी त्याला सिक्युअर म्हणतं, कुणी सिम्पल, कुणी एसएसएच. 'सिम्पल' वालं खरंच होतं, १९८४ चा आरएफसी ९१३, पोर्ट ११५, पण ते फारसं कुणी वापरलं नाही आणि आजच्या क्लायंटशी त्याचा काही संबंध नाही. सध्याचं एसएफटीपी एसएसएचच्या आतून चालतं, आणि त्याच्या मसुद्यांच्या शीर्षकात 'एसएसएच फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल' असंच आहे, त्यामुळे तोच अर्थ घ्यावा. गंमत म्हणजे हे मसुदे २००६ मध्ये मसुदा क्रमांक १३ (प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती) पर्यंत गेले आणि तिथेच थांबले, आरएफसी कधी झालाच नाही, आणि ओपनएसएसएच (एसएसएचचं मुक्त सॉफ्टवेअर) आजही प्रोटोकॉलची तिसरीच आवृत्ती वापरतं. एफटीपीएस हे अजून वेगळं, ते जुनंच एफटीपी टीएलएसमध्ये (वेबच्या एचटीटीपीएसमागचं सांकेतिकीकरण) गुंडाळलेलं (आरएफसी ४२१७, २००५). एका अक्षराच्या फरकामुळे माणूस चुकीचा पर्याय निवडतो, मग कनेक्शन नुसतंच लटकतं आणि शिव्या क्लायंटला बसतात.

पुटी सायमन टॅथम यांचं, साधारण १९९९ पासूनचं. नावाची व्युत्पत्ती वादातली: गेटीच्या (युनिक्सवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम) उलट पुटी, विंडोज धड वापरता यावी म्हणून लावलेली लांबी (खिडकीच्या काचा बसवायची पुटी), किंवा प्लुटोनियमचा टेलिटाइप (जुनं टाइप करणारं टर्मिनल). प्रोजेक्टच्या एफएक्यूमध्ये या तिन्ही अफवा दिल्यात आणि अर्थ ज्याचा त्याने लावावा असं म्हटलंय. गेटीवाली त्यातल्या त्यात पटण्यासारखी.

क्लायंटची पारख होते ती किल्ल्यांच्या (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची खाजगी आणि पब्लिक अशी जोडी) बाबतीत. पुटी स्वतःच्या पीपीके फॉरमॅटमध्ये किल्ली ठेवतं. पुटीजेनमधून (पुटीचं किल्ल्या बनवायचं साधन) 'सेव्ह पब्लिक की' दाबून आलेली फाइल जशीच्या तशी सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (परवानगी असलेल्या किल्ल्यांची यादी) टाकली की 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' असं येतं, कारण तिथे पुटीजेनच्या वरच्या चौकटीतली लांबलचक एक ओळ चिकटवायची असते. दुसरं म्हणजे पहिल्यांदा जोडताना होस्ट कीचा (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) फिंगरप्रिंट दाखवणारी चौकट येते, बहुतेक जण न वाचता होय म्हणतात. आणि क्लायंट अपडेट होतो की नाही तेही बघावं: ०.६८ ते ०.८० या पुटीत पी-५२१ प्रकारच्या किल्लीच्या डिजिटल सह्या इतक्या कच्च्या होत्या की साठेक सह्यांवरून खाजगी किल्ली काढता यायची. एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ ने ते दुरुस्त केलं, पण आधीच वापरलेली किल्ली बदलावीच लागते. पुटीचाच कोड वापरत असल्याने फाइलझिला आणि विनएससीपीही यात सापडले होते.

लांबच्या मशीनची स्क्रीनच बघायची असेल तर आरडीपी (पोर्ट ३३८९) नाहीतर व्हीएनसी (५९००), दोन्ही नव्वदच्या दशकातली. नुसती कमांड लाइन पुरत असेल तर विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएच आहेच, वेगळं काही टाकायला नको. फायली कॉपी करणारी एससीपी कमांडही एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून आतून एसएफटीपीच वापरते.

जुन्या एफटीपीवरच अडकलात तर ट्रान्सफर मोड बायनरी ठेवा. आस्की मोडमध्ये ओळ संपल्याची खूण बदलली जाते, टेक्स्ट फाइलला ते चालतं, पण झिप उघडत नाही आणि दोन्हीकडचा साइज काही बाइटांनी वेगळा दिसतो.