चेन ताणली जात नाही

मागच्या पावसाळ्यात चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना मोटरसायकलची चेन कव्हरवर आपटायला लागली. थोडा वेळ कडकड, मग शांत, पुन्हा कडकड. घाट संपल्यावर रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने गाडी मेन स्टँडवर घेतली, चेनला खालून बोट लावलं आणि निकाल दिला, “साहेब, चेन ताणलीय.” दहा मिनिटांत त्याने चाक मागे ओढून चेन टाइट केली, वरून जळक्या ऑइलचा हात फिरवला आणि मला मोकळं केलं. आवाज थांबला. पंधरा दिवसांत परत आला.

‘चेन ताणली’ असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणतो. पण पोलादाच्या पट्ट्या अशा ताणल्या जात नाहीत. चेन लांब होते हे खरं, मात्र तिची एकही पट्टी लांब झालेली नसते. मग ही वाढीव लांबी येते कुठून?

चेन हातात घेऊन एकच सांधा नीट बघा. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी एक बारीक पिन असते. ती पिन एका पोकळ नळीतून जाते, त्या नळीला बुश म्हणतात, आणि आतल्या दोन पट्ट्या त्या बुशवर घट्ट बसवलेल्या असतात. बुशच्या वर सैलसर फिरणारा रोलर. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चाकाच्या, दात्याला लागतो तो हा रोलर, म्हणून आपलं सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. खरी झीज मात्र आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये होते, जिथे नजर पोचत नाही. समजा प्रत्येक सांध्यात 0.1 मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकी झीज झाली. चेनमध्ये 118 सांधे असतील तर चेन जवळजवळ 12 मिलिमीटरने लांब झाली! गॅरेजवाल्याच्या बोटाला लागलेला सैलपणा हा अशा शंभरावर न दिसणाऱ्या फटींची बेरीज असतो.

एवढी झीज होण्याइतकं काम ती करते का, असं वाटेल. हिशेब करून पाहू. पुढचं स्प्रॉकेट 14 दात्यांचं, मागचं 42 दात्यांचं, चेन 118 कड्यांची आणि मागच्या चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरू. एका किलोमीटरला चाक सुमारे 530 फेरे घेतं आणि तेवढ्यात चेन पूर्ण 189 वेळा फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागेही तसंच. 60 किलोमीटरच्या एका प्रवासात हे 45 हजार वेळा होतं. पुढच्या लहान स्प्रॉकेटवर दर खेपेला सांधा जवळपास 26 अंशांनी वाकतो, मागच्या मोठ्यावर जेमतेम साडेआठ. चेनचं आयुष्य मुख्यतः पुढचं स्प्रॉकेट खातं, आणि नेमकं तेच कव्हरमागे लपलेलं असल्याने कुणी उघडून बघत नाही.

हे वाकणं रिकाम्या हाताने नाही, ओझ्याखाली होतं. दोन माणसं धरून गाडीचं एकूण वजन 250 किलो आणि घाटाचा चढ आठास एक, म्हणजे आठ मीटरला एक मीटर वर, असं समजा. गुरुत्वाकर्षण गाडीला मागे ओढतं ते सुमारे 31 किलोच्या जोराने. पण चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आणि मागच्या स्प्रॉकेटची फक्त साडेआठ. पहारीने दगड हलवताना आखूड टोकाकडे जसा जोर वाढतो तसा इथेही वाढतो, त्यामुळे चेनवरचा ओढा होतो साडेतीन पट, म्हणजे जवळपास 110 किलो. तांदळाची दोन पोती टांगलेली पिन बुशमध्ये घासतेय, तीही हजारो वेळा.

म्हणूनच बुश ही साधी वाटणारी नळी मोठी युक्ती ठरली. जुन्या चेनमध्ये पिन थेट पट्टीच्या भोकात घासायची. पट्टीची जाडी ती केवढी, सगळा भार तेवढ्याशा कडेवर यायचा आणि भोकं लवकर लांबट व्हायची. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेला हान्स रेनॉल्ड हा मूळचा स्विस माणूस. कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवणारा एक छोटा धंदा त्याने विकत घेतला आणि 1880 मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचं पेटंट मिळवलं. भार पट्टीच्या कडेवरून काढून त्याने नळीच्या पूर्ण लांबीवर पसरवला. आपल्या गाडीखाली आज जे फिरतं ते मुळात तेच आहे. चेन स्वच्छ आणि तेल घातलेली असेल तर ती इंजिनाची 97-98 टक्के शक्ती चाकापर्यंत पोचवते, आणि जवळजवळ दीडशे वर्षांत तिला हटवायला फारसं काही जमलेलं नाही ते यामुळेच.

तर तेल हवं पिन आणि बुशच्या मध्ये. तिथे शिरायला वाट एकच: आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामधली बारीक फट. रोलरवर ओतलेलं तेल रोलरच्या कामाचं, पण चेनच्या लांबीशी त्याचा संबंध थोडाच. वरून फासलेलं घट्ट ग्रीस तर त्या फटीच्या तोंडाशीच बसून राहतं आणि धूळ गोळा करतं. धूळ म्हणजे तरी काय, तर दगडाची पूड. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या काठिण्य-मापावर 7 ला बसतं, काचेवर ओरखडा काढतं. ते तेलात मिसळलं की तयार होतो इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायचा खरखरीत लेप. आता त्या जळक्या ऑइलचं बघा: इंजिनातून निघालेल्या तेलात काजळी आणि धातूचा बारीक कीस आधीच असतो. ते चेनला लावणं म्हणजे घरातला कचरा शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकणं. फुकट मिळतं म्हणून चालतं, एवढंच.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना ओ-रिंगची चेन येते. पट्ट्यांच्या मधल्या फटीत रबराचं बारीक कडं असतं आणि त्याच्या आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस असतं. ‘हिला तेल लागत नाही’ हा त्यावरचा गैरसमज. पिनला बाहेरून तेल लागत नाही हे बरोबर, पण रोलरला लागतं, पट्ट्यांना गंजापासून वाचवायला लागतं आणि रबर कोरडं पडून चिरू नये म्हणूनही लागतं. कडं एकदा फाटलं की ग्रीस बाहेर, पाणी आत, आणि मग त्या सांध्यात परत ग्रीस भरायची सोय नाही. म्हणून पेट्रोलने धुवायचं नाही, कारण पेट्रोलने रबर खराब होतं. तारेचा ब्रश वापरायचा नाही. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप चेनवर रोखला की त्या पोराला हात वर करून थांबवायचं. मी थांबवतो, तो दर वेळी हसतो.

धुवायला रॉकेल उत्तम. ते मिळेनासं झालंय, त्यामुळे मी डिझेल किंवा दुकानातला चेन क्लीनर वापरतो. गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये, चावी खिशात. हे मुद्दाम लिहितोय. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं सापडलं की त्याच्या मागोमाग बोट जातं, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चाक हाताने फिरवा. जुना टूथब्रश बुडवून चारी बाजूंनी घासा, काळं पाणी निथळू द्या, फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल घातलं तर ते त्या पाणचट रॉकेलमध्येच विरतं.

तेल घालायची वेळ फेरफटका मारून आल्यावरची. चेन कोमट असते, कोमट पोलादावर तेल पातळ होतं आणि फटीत ओढलं जातं. वात जशी तेल वर खेचते तशी बारीक फट तेल आत खेचते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी घालावं, रात्रभर राहू द्यावं, सकाळी बाहेरचं पुसून टाकावं. घालून लगेच निघालात तर काय होईल? मघाच्याच गाडीची चेन ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला 4.7 मीटर पळते. पुढच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम 28 मिलिमीटर, त्याला वळसा घालताना चेनवरच्या थेंबाला गुरुत्वाकर्षणाच्या 80 पट जोराने बाहेर फेकलं जातं. रिमवर, टायरवर आणि मागे बसणाऱ्याच्या पँटवर जे काळे ठिपके दिसतात ते याच थेंबांचे. म्हणून तेल चेनच्या आतल्या अंगाला, खालच्या पट्ट्यावर (दोन स्प्रॉकेटमधला चेनचा खालचा भाग), मागच्या स्प्रॉकेटच्या जरा आधी घालायचं. बाहेर जायची घाई असलेलं तेल मग चेनमधूनच वाट काढत जातं. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं, चेन ल्यूबचा डबा असेल तर आणखी सुटसुटीत. उन्हाळ्यात 500-600 किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात भिजून आल्यावर लगेच.

आता राहिलं टाइट करणं, आणि बिघडवणं सर्वांत सोपं इथेच आहे. चेन तारेसारखी ताठ हवी, सैल म्हणजे वाईट, असं मनात बसलेलं असतं. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. झोळ ठेवलेल्या दोरीवर ओली चादर टाकली तर काही होत नाही. दोरी अगदी ताठ बांधली असेल तर तीच चादर भिंतीतला खिळा उपटून काढते. चेनचा खिळा म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग. शिवाय मागचं चाक एका जागी नसतंच. ज्या स्विंगआर्मवर, म्हणजे वरखाली हलणाऱ्या दांड्यावर, ते बसतं त्याची खीळ पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडी मागे असते, त्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली झालं की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, ती खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त. मेन स्टँडवर चाक लोंबकळत असताना चेन सैल वाटते, दोन माणसं बसली की तीच ताठ होते. सैलपणा त्या क्षणासाठी राखून ठेवलेला असतो.

खालच्या पट्ट्याच्या मधोमध चेन वरखाली करून साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलली तर बहुतेक लहान गाड्यांना ठीक. नेमका आकडा, आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. पूर्ण बंद कव्हर असेल तर खालचं रबरी बूच काढून आत बोट घालायचं. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. चाक थोडंथोडं फिरवत मोजा, कारण झीज सगळ्या सांध्यांत सारखी नसते. जिथे चेन सर्वांत ताठ लागेल तिथे माप धरायचं. एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे, खुणा जुळवायच्या, नट आवळल्यावर माप पुन्हा बघायचं, कारण आवळताना चाक किंचित सरकतं. आणि ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवू नका: चाक मागे गेलं म्हणजे ब्रेकचा रॉडही ओढला गेला, ब्रेक धरून बसतो आणि ड्रम तापतो. घाटातल्या त्या दुरुस्तीनंतर माझा तसाच बसला होता. चिखलाचा वास येतोय असं समजून मी तीस किलोमीटर तसाच आलो.

घरी येऊन मी टेप घेतली. 428 नंबरच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिलिमीटर. वीस कड्या म्हणजे बरोबर 254, दहा इंच. माझ्या वीस कड्या 258 च्या पुढे गेल्या होत्या. दोन टक्के वाढली की चेन संपली असं धरतात, म्हणजे 259. मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढली तर दात्यापासून ती सुटून येत होती, दात्यांची टोकं विळ्यासारखी एका बाजूला वळली होती. कितीही टाइट केली असती तरी पंधरा दिवसच.

नवीन किट आणलं, चेनसह दोन्ही स्प्रॉकेट. जुन्या दात्यांवर नवी चेन महिनाभरातच खराब होते. मेकॅनिकने जुनी चेन आणि नवीन चेन शेजारीशेजारी एकाच खिळ्याला टांगल्या. दोन्ही 118 कड्यांच्या. जुनी खाली दीड बोट लांब. मग मी त्याच्याकडून जुन्यातली एक पिन ठोकून काढून घेतली. एका अंगाने ती खाल्ली गेली होती, नखाला पायरी लागत होती, आणि बुशच्या आत कोरडी तांबूस भुकटी होती. आयर्न ऑक्साइड. दागिन्यांना चकाकी आणायला वापरतात ती तांबडी पूड हीच. वरून चेन काळी, तेलकट, चांगली दिसत होती.