वजनासाठी जठराची धमनी बंद करण्याचा उपचार : पात्रता कोणाची, कागद कोणते

वजन कमी करण्याच्या या उपचारासाठी अर्ज कुठे मिळतो, असं बरेच जण विचारतात. हा उपचार, म्हणजे बॅरिॲट्रिक एम्बोलायझेशन, अजून रोजच्या उपचारांत आलेला नाही. त्यामुळे सध्या रास्त मार्ग एकच : क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराच्या माणसांवरच्या चाचणीत, सहभाग.

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी जठरापर्यंत नेतात आणि फंडस या वरच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या फांद्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून लहान मणी सोडतात. रक्तपुरवठा घटला की तिथे तयार होणारं घ्रेलिन, म्हणजे भुकेचं संप्रेरक, कमी व्हावं ही अपेक्षा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने झालेल्या ‘बीट’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सहभागी २०, आणि वर्षाअखेर जादा वजनात सरासरी ११.५ टक्के घट. ही टक्केवारी एकूण वजनाची नाही, फक्त जादा वजनाची, म्हणजे योग्य वजनाच्या वर जेवढं असेल तेवढ्याची. किलोत साधारण साडेसात. जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जादा वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग उतरतो. जाहिरात वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

‘बीट’साठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) किमान ४० हवा होता. अशा चाचण्यांत गरोदर स्त्रिया, जठरात अल्सर असलेले, पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेले आणि मूत्रपिंड कमजोर असलेले सहसा घेत नाहीत. कारण उघड आहे : रक्त कमी मिळालं की जठराच्या अस्तरावर जखम होऊ शकते, आणि धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध मूत्रपिंडावर ताण आणतं.

भारतात एखाद्या रुग्णालयाने सहभागासाठी विचारलं, तर आधी सीटीआरआयचा (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींची सुरक्षा आणि हक्क पाहणाऱ्या समितीची, मंजुरीही विचारा.

सोबत ओळखपत्र, वयाचा पुरावा, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अजिबात विसरू नका. एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठर पाहणं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वगैरे तपासण्या रुग्णालयच करून घेईल. खरा महत्त्वाचा कागद संमतीपत्र. ठरलेल्या नमुन्यात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात; काही बरंवाईट झालं तर भरपाईसाठी ते लागतं, तेव्हा बिचकू नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सहीनंतर प्रत घ्या. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुमचाच.

पैशांबद्दल : आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागीकडून घ्यायचा नसतो. कोणी ‘पॅकेज’ सांगत असेल, तर उठून या.

विम्याची आशाही धरू नका. सिद्ध न झालेले उपचार पॉलिसीत वगळलेले असतात. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया मात्र डॉक्टरांचा सल्ला, वय १८ पूर्ण आणि बीएमआय ४० असल्यास, किंवा ३५ सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्याबाहेरचा मधुमेह असे आजार असून सौम्य उपाय फसले असल्यास, वगळणुकीतून सुटू शकते.